दिनचर्यापाठ आणि आत्मवाचक क्रियापदे

दिनचर्यापाठ आणि आत्मवाचक क्रियापदे : परकी भाषेच्या आरंभीच्या अध्यापनात उठणे, हातपाय धुणे, कपडे घालणे, जेवणे, झोपणे इ. नित्यकर्मांचे क्रमवार वर्णन करणारा जो पाठ देण्यात येतो, त्यास ‘दिनचर्यापाठ’ म्हणता येईल. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, जर्मन इ. भाषांत यांपैकी अनेक क्रिया आत्मवाचक सर्वनामासह येणाऱ्या क्रियापदांनी व्यक्त होतात. त्यामुळे व्याकरणातील हे प्रकरण आणि सकाळची आन्हिके यांची पाठ्यपुस्तकांतून जणू कायमची सांगड पडली आहे. ही सांगड अलीकडची नाही, तिचा आरंभ रोमन साम्राज्यापर्यंत मागे नेता येतो.

रोमन काळात ग्रीक भाषिकांना लॅटिन व लॅटिन भाषिकांना ग्रीक शिकविण्यासाठी द्विभाषिक पाठ्यपुस्तके प्रचारात होती. चौथ्या शतकातील दोसिथेअस या वैयाकरणाच्या नावावर ती चुकीने घातली गेल्यामुळे त्यांना ‘हर्मेनेउमाता स्यूडोदोसिथेआना’ असे म्हणतात. शब्दसंग्रहांबरोबर त्यांत छोटे संवादपाठ असून त्यांची सुरुवात बहुधा पहाटेपासून होते. शाळकरी मुलगा जागा होतो, पायांत जोडे चढवितो, पाणी मागवून हात आणि मग तोंड धुतो, केस विंचरतो, अंगरखा घालतो आणि शाळेच्या वाटेला लागतो. ग्रीक आणि लॅटिन मजकूर शेजारी-शेजारच्या अरुंद स्तंभांत मांडलेला असल्याने एका ओळीत दोन-तीन शब्दच येत आणि पाठांतर सोपे होई. ‘काल्किआवी मे’ (मी स्वतःला जोडे घातले), ‘प्राइकिन्क्सी मे’ (मी स्वतःला कंबरपट्टा बांधला) यांसारखी आत्मवाचक रूपे त्यांत आढळतात. यांतील एका संवादाची प्रत मानवतावादी पंडित कोन्राट सेल्टिस (१४५९–१५०८) याने १४९५ मध्ये करून घेतली होती, ती प्रथम १९८२ मध्ये संपादित होऊन प्रसिद्ध झाली. एलिनॉर डिकी यांनी सर्व संवादांची चिकित्सक आवृत्ती दोन खंडांत (२०१२, २०१५) सिद्ध केली.

या दोन स्तंभांतून एक भाषिक भेद सहज नजरेस येतो. अंग धुणे, वस्त्र लेणे अशा क्रियांसाठी ग्रीकमध्ये क्रियापदाचे स्वतंत्र ‘मध्यम’ रूप होते. क्रियेचा संबंध कर्त्याकडेच वळतो हे प्रत्ययानेच कळे. लॅटिनमध्ये ‘लावोर’ (मी स्नान करतो) यांसारखी कर्मणी धाटणीची रूपे हे काम काही प्रमाणात करीत आणि काही ठिकाणी सर्वनाम जोडले जाई. पुढे लॅटिनपासून निघालेल्या भाषांत ती प्रत्ययान्त रूपे लोपली व त्यांची जागा सर्वनामाने घेतली. आज फ्रेंच विद्यार्थी ‘ज म लेव’ (मी उठतो) किंवा स्पॅनिश विद्यार्थी ‘मे लेवान्तो’ म्हणतो, ते या स्थित्यंतराचे फळ होय.

प्रबोधनकाळात लॅटिन बोलती ठेवण्यासाठी संवादग्रंथांना पुन्हा बहर आला. एरॅस्मसच्या संवादांइतकाच लोकप्रिय ठरलेला ग्रंथ म्हणजे स्पॅनिश मानवतावादी ह्वान लुईस व्हीव्हेस (१४९३–१५४०) याचा. पुढे स्पेनचा राजा झालेल्या बाल फिलिपला तो अर्पण केलेला आहे. त्यातील पहिलाच संवाद सकाळी उठण्याविषयीचा असून बेआट्रिक्स ही दासी दोन आळशी मुलांना उठवून त्यांचे कपडे चढविते. सदरा, बंद, गुंड्या, फणी अशा घरगुती वस्तूंची लॅटिन नावे मुलांना माहीत नसत, कारण ती सिसरोच्या भाषणांत नव्हती. ही उणीव व्हीव्हेसने अचूक हेरली.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत व्याकरण-भाषांतर पद्धतीचा जोर झाला आणि आत्मवाचक क्रियापदे जगण्यातून उठून कोष्टकांत जाऊन बसली. या पद्धतीचे वैफल्य फ्रांस्वा ग्वँ (१८३१–९६) या फ्रेंच शिक्षकाने स्वतः भोगले. जर्मन शिकण्यासाठी तो हँबर्गला गेला. व्याकरण व २४८ अनियमित क्रियापदे त्याने दहा दिवसांत मुखोद्गत केली, पुढे सुमारे तीस हजार शब्दांचा कोशही पाठ केला. परंतु व्याख्यानातील एक वाक्य त्याला उमगेना. डोळ्यांवर ताण पडून काही काळ वाचनही बंद झाले. मायदेशी परतल्यावर त्याने आपल्या लहानग्या भाच्याचे निरीक्षण केले. पिठाची गिरणी पाहून आलेला तो मुलगा पाहिलेल्या घटना ‘आणि मग’ने जोडीत क्रमाने सांगत होता. यावरून ग्वँने मालिका पद्धती रचली (ग्रंथ, १८८०, इंग्रजी भाषांतर, १८९२) : एखादे कृत्य लहानलहान क्रियांत फोडायचे, प्रत्येक क्रियेला एक वाक्य द्यायचे आणि वाक्याचा भार क्रियापदावर ठेवायचा. दिनचर्या अशा मांडणीला आयतीच सोयीची, कारण तिचा क्रम शिकविण्याची गरजच नसते. हॅरल्ड पामर यांच्या कृतिपाठांत (तोक्यो, १९२५) हेच तत्त्व निराळ्या रूपात दिसते. यूरोप परिषदेच्या २००१ च्या भाषाविषयक संदर्भचौकटीत दैनंदिन व्यवहाराचे सोपे वर्णन करता येणे ही दुसऱ्या (ए २) पातळीवरील क्षमता मानली आहे.

तथापि या सांगडीने एक गैरसमजही रुजविला आहे. ‘स्वतःवर केलेली क्रिया ती आत्मवाचक’ हा नियम विद्यार्थ्याच्या मनात पक्का बसतो. पण फ्रेंचमधील आठवणे, घडणे, कोसळणे या अर्थांची क्रियापदेही सर्वनाम घेतात आणि तेथे कोणी स्वतःवर काही करीत नाही. उलट हात धुणे हे साधे कर्मही गुंतागुंतीचे ठरते. जर्मनमध्ये ‘मी स्वतःला धुतो’ (मिख) आणि ‘मी स्वतःस हात धुतो’ (मिर) यांत सर्वनामाची विभक्ती बदलते. फ्रेंच लेखनात ‘ती अंग धुऊन बसली’ येथे भूतकालवाचक धातुसाधिताला स्त्रीलिंगी चिन्ह लागते, ‘तिने हात धुतले’ येथे लागत नाही. कारण दुसऱ्या वाक्यात प्रत्यक्ष कर्म ‘हात’ हे असून ते मागाहून येते. दिनचर्येचा पाठ सोपा म्हणून आरंभी दिला जातो, पण त्यातच व्याकरणाचा हा काटा असतो.

मराठी भाषिकास ‘मी मला धुतो’ अशी रचना हास्यास्पद वाटते, कारण मराठीत उठणे, झोपणे ही मुळातच अकर्मक आहेत आणि स्नानाला ‘आंघोळ करणे’ हा नामयुक्त प्रयोग आहे. तरीही ही कल्पना त्याला सर्वस्वी परकी नाही. संस्कृतातील उभयपदी धातूंच्या बाबतीत क्रियेचे फळ कर्त्याकडे जात असेल तर आत्मनेपद योजावे, असे पाणिनीने सांगितले आहे (अष्टाध्यायी, १·३·७२). स्वतःसाठी यज्ञ करणारा यजमान ‘यजते’, दुसऱ्यासाठी करणारा ऋत्विज ‘यजति’. मराठीत ते पद उरले नाही. परंतु ‘हात धुऊन घेतो’ आणि ‘हात धुऊन देतो’ यांतील भेद त्याच स्वरूपाचा आहे. मात्र ‘घेणे’ दुहेरी आहे : ‘दाढी करून घेतली’ असे म्हटल्यावर वस्तरा कोणाच्या हाती होता, हे संदर्भानेच ठरते. फ्रेंच किंवा स्पॅनिश शिकविताना मराठी विद्यार्थ्यापुढे ‘स्वतःला’ या शब्दाऐवजी ‘घेणे’चे उदाहरण ठेवल्यास सर्वनामाचे कार्य त्याच्या लवकर ध्यानात येते.