मापाची वाटी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत माझाही लेख असावा, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. "एखाद्या कर्तबगार स्त्रीविषयी लिहा," असे त्या म्हणाल्या. राण्यांची आणि समाजसेविकांची चरित्रे आपण सर्वांनीच वाचलेली आहेत. मला लिहावेसे वाटले ते स्वयंपाकघरातच राहून मोठ्या झालेल्या एका बाईंविषयी. त्यांचे नाव तरला दलाल.

आधी थोडे घरचे सांगते. माझ्या सासूबाईंच्या हातचे अळूचे फतफते आमच्या आळीत नावाजलेले होते. कोणाकडे मुंज असो की मंगळागौर, फतफत्यासाठी त्यांनाच बोलावणे यावयाचे. मी नवी असताना विचारी, "आई, चिंच किती घालायची? डाळीचं पीठ किती लावायचं?" त्या म्हणत, "अगं, हाताला कळतं." त्यांच्या हाताला कळे, माझ्या हाताला ते कधीच कळले नाही. एकदा जनगणनेचे गृहस्थ दारात आले. त्यांनी सासूबाईंचा व्यवसाय विचारला. सासूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "छे, मी काही करत नाही. घरीच असते." त्या वेळी चुलीवर पंधरा माणसांचा स्वयंपाक शिजत होता. पुढे त्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर ते फतफतेही गेले.

मराठीत पाकशास्त्राची पुस्तके नव्हती असे मुळीच नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' १९१० सालचे. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली निघाली आणि मुलीच्या रुखवतात जाऊन बसली. परंतु स्वयंपाक शिकविणे आणि लिहिणे हाच आपला जन्माचा व्यवसाय असे मानून, तो जवळजवळ अर्धे शतक चालविणारी बाई म्हणून तरलाबेनचे उदाहरण मला विशेष वाटते.

त्यांचा जन्म ३ जून १९३६ रोजी आपल्या पुण्यातलाच. घराणे गुजराती. १९६० साली नलिन दलाल यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या. नलिनभाई अमेरिकेत इंजिनियरिंग शिकून आलेले. तिकडच्या निरनिराळ्या पदार्थांची त्यांना आवड. पत्नीने नवेनवे करावे आणि पतीने चवीने खावे, असा क्रम सुरू झाला. शेजारच्या आणि ओळखीच्या स्त्रिया शिकवा म्हणू लागल्या, आणि १९६६ साली तरलाबेननी राहत्या घरीच वर्ग काढला.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. शहरात शेगडी आणि स्टोव्ह जाऊन गॅस येऊ लागला होता. प्रेशर कुकर १९५९ पासून आपल्याकडे तयार होऊ लागले होते. बायकांचा थोडा वेळ मोकळा होत होता, आणि हॉटेलातले चिनी, इटालियन पदार्थ मुलांच्या तोंडी बसत होते. शाकाहारी घरातील गृहिणीची मात्र अडचण होई. परकी पुस्तके उघडावीत तर पानोपानी मांस आणि अंडी. तरलाबेननी ही अडचण ओळखली. भाज्या, कडधान्ये, दूधदुभते एवढ्यावरच हे सारे पदार्थ त्यांनी बसविले. मेक्सिकन पदार्थाला राजमा चालला, इटालियनला पांढरा सॉस आणि चीज. त्यांच्या वर्गाची कीर्ती एवढी झाली की, मुलीचे स्थळ सांगताना "दलालांच्या वर्गाला गेलेली आहे" असे मुद्दाम सांगत, असे म्हणतात.

१९७४ साली त्यांचे पहिले पुस्तक इंग्रजीत निघाले: 'द प्लेझर्स ऑफ व्हेजिटेरियन कुकिंग'. त्यानंतर त्यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांतील काहींची मराठी, हिंदी, गुजराती भाषांतरेही झाली.

माझी त्यांची ओळख पुस्तकातलीच. १९८३ साली आमच्या शेजारच्या गुजराती बेनकडे त्यांची पुस्तके होती. मुलाच्या वाढदिवसासाठी बेननी मला बिनअंड्याच्या केकची कृती वाचून दाखविली. मी घरच्या वाटीने मैदा मोजला, जाड पातेल्यात वाळू तापवून त्यावर डबा ठेवला. केक कसला, पाटाच झाला! बेन आल्या, त्यांनी माझी वाटी हातात घेतली आणि हसून म्हणाल्या, "ताई, तुमची वाटी मोठी. मैदा जास्ती पडला." दुसऱ्या दिवशी त्यांच्या मापाच्या कपाने मोजले, आणि केक फुलला.

त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. अंडे केकला बांधते आणि हलका करते. ते काढले की डब्यातले गोड आटीव दूध, सोडा आणि बेकिंग पावडर यांनी ते काम करावयाचे. सोड्यातून वायू सुटतो आणि पीठ वर येते. यात अंदाज चालत नाही. कोणीतरी पुन्हा पुन्हा करून, बिघडवून, शेवटी बरोबर आकडा लिहून ठेवावा लागतो. हेच काम तरलाबेननी आयुष्यभर केले. हे काम आहे, फावल्या वेळचा उद्योग नव्हे.

पुढे त्यांनी गरोदर स्त्रिया, लहान मुले, मधुमेही आणि हृदयरोगी यांच्या आहाराची पुस्तके लिहिली, 'कुकिंग अँड मोअर' हे द्वैमासिक चालविले, दूरदर्शनसंचावर येऊन पदार्थ करून दाखविले. २००७ साली सरकारने त्यांना 'पद्मश्री' दिली. ६ नोव्हेंबर २०१३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. २०२३ साली त्यांच्या आयुष्यावर 'तरला' हा हिंदी चित्रपटही आला.

कोणी म्हणेल, त्यांचे घर सुखवस्तू, पती प्रोत्साहन देणारे. आम्हाला हे कसे साधावे? हे खरे आहे. चीज-लोण्याचे त्यांचे कितीतरी पदार्थ आपल्यांपैकी अनेकींना रोज परवडण्यासारखेही नव्हते. पण वही आणि मापाची वाटी कोणाला परवडत नाही?

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्यांत सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी भगिनी आहेत. कोणाचे सांडगे, कोणाची फणसाची भाजी, कोणाची डाळिंबी उसळ. येत्या वर्षात दर महिन्याला एकीच्या घरी जमावे. तिने नेहमीसारखे हाताने घालावे. दुसरीने ते तिच्या हातातून वाटीत घेऊन मोजावे आणि तिसरीने वहीत लिहावे. वर करणारीचे संपूर्ण नाव घालावे.

पहिल्या पानावर मी माझ्या सासूबाईंचे नाव लिहिणार आहे. खाली कृतीची जागा कोरीच राहील, कारण आता ती सांगणारे कोणी उरले नाही. बाकीची पाने तशी कोरी राहू नयेत, एवढीच इच्छा.