पाण्याखाली प्रकाशाची तार

१८९३ मध्ये फ्रान्सच्या बान्यूल्स-सुर-मेर येथे लुई बूताँ या जीवशास्त्रज्ञाने समुद्राखाली छायाचित्रे घेतली. पाण्याखाली उजेड कमी असतो आणि त्यातला तांबडा भाग पाणी आधी शोषून घेते. म्हणून बूताँ यांनी मॅग्नेशियम जाळून उजेड पाडण्याचे प्रयोग केले. पण शटर उघडते नेमक्या त्याच क्षणी दिवा पेटवायचा कसा?

पुढे इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आला आणि तो विजेच्या तारेने कॅमेऱ्याला जोडला गेला. खारे पाणी मात्र विजेचे वाहक. जोडाच्या रबरी कड्यात वाळूचा कण अडकला तरी पाणी आत शिरते, टोके गंजतात आणि फ्लॅश अवेळी पेटतो किंवा पेटतच नाही.

यावरचा उपाय प्रकाशातच होता. १८४१ मध्ये जिनिव्हात डॅनियल कोलादों यांनी पाण्याच्या वाकड्या धारेतून प्रकाश नेऊन दाखवला. याचे श्रेय अनेकदा जॉन टिंडल यांना दिले जाते. त्यांचे प्रात्यक्षिक १८५४ चे. १९५४ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन टिपणे आली. हॉपकिन्स आणि आपले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेली. हॉलंडच्या व्हान हेल यांनी तंतूवर कमी अपवर्तनांकाचे आवरण चढवले.

हे आवरण पाण्याखाली फार मोलाचे ठरते. अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचा अपवर्तनांक १.४९ आहे. हवेत त्याचा क्रांतिक कोन सुमारे ४२° असतो, पाण्यात तो सुमारे ६३° होतो. म्हणजे उघड्या तंतूतून पाण्यात अधिक प्रकाश निसटेल. आवरण असले की गाभ्याला पाणी लागतच नाही.

आता अशी दोरी घरीही करता येते. आवरण असलेला प्लास्टिकचा प्रकाशतंतू मीटरभर घ्यावा. टोके धारदार पात्याने काटकोनात कापून बारीक पॉलिश-कागदावर घासावीत. कॅमेऱ्याच्या पारदर्शक जलरोधक पेटीबाहेर, आतल्या छोट्या फ्लॅशसमोर एक टोक बसवावे. दुसरे मोठ्या फ्लॅशच्या प्रकाशसंवेदकासमोर. पेटीला भोक नाही, धातूचा जोड नाही. मीटरभर अंतराला प्रकाशाला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. दोरी तीव्र वाकवू नये, नाहीतर प्रकाश बाहेर पडतो.

वर्गात आम्ही सुचवू, ते एवढेच : भोक पाडलेली बाटली आणि टॉर्च घेऊन आधी कोलादोंचा प्रयोग करावा. मग वरचे दोन कोन विद्यार्थ्यांनाच काढू द्यावेत.