करमणुकीची यंत्रे आणि सामान्य माणसाचे मत

नवे यंत्र घरात येण्यापूर्वीच त्याच्याविषयीचे मत घरोघर पोचलेले असते. सिनेमा मुलांना बिघडवतो, रेडिओ अभ्यास बुडवतो, दूरदर्शनने शेजारपाजार तोडला, मोबाइलने माणूस एकलकोंडा केला, ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत आणि प्रसंगी उच्चारलीही आहेत. ती खरी की खोटी, या वादात आम्हांस आज शिरावयाचे नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. हे मत कोणाचे, कोणाविषयी, आणि त्याचा भार अखेर कोणाच्या माथी पडला? सव्वाशे वर्षांचा इतिहास या प्रश्नाने चाळून पाहण्यासारखा आहे.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली. प्रवेशाचा दर एक रुपया होता. गिरणी कामगाराची एका दिवसाची मजुरीही तेव्हा रुपयाइतकी नव्हती. लवकरच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तेथे चार आण्यांचेही तिकीट निघाले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चार आणे खिशात असले तरी खेळ पाहण्यास सुट्टी हवी. आणि गिरणी कामगाराला रविवारची हक्काची सुट्टी मिळून तेव्हा अवघी सहा वर्षे झाली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीपुढे नमून गिरणीमालकांनी ती १० जून १८९० रोजी मान्य केली. फुरसत आधी झगडून मिळवावी लागली; करमणूक मागाहून आली.

स्वस्त जागा भरू लागल्या, तशी सिनेमाविषयी नीतीची चिंताही वाढू लागली. १९१८ साली चित्रपटांना परवाना व तपासणी लागू करणारा कायदा झाला. १९२७ साली टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने चौकशी समिती नेमली. पाश्चात्त्य चित्रपट पाहून हिंदी प्रेक्षकाच्या मनातील गोऱ्या माणसाचा धाक ओसरतो, ही सरकारी गोटातील एक मोठी काळजी होती. समितीने पुष्कळ साक्षी घेतल्या आणि १९२८ च्या अहवालात ही भीती अतिरंजित असल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे 'लोक बिघडतात' या मताच्या पोटात 'लोक आपल्याला भीत नाहीत' ही खरी तक्रार दडलेली होती.

स्वराज्य आल्यावर ही वृत्ती संपली असे नाही. १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बा. वि. केसकर हे शास्त्रीय संगीताचे निष्ठावंत भक्त. त्यांच्या धोरणाने आकाशवाणीवर चित्रपटगीतांचा वेळ आक्रसला, पुढे निर्मात्यांशी करारावरून बिनसले, आणि ती गीते जवळजवळ नाहीशीच झाली. हेतू वाईट नव्हता. रसिकता वाढावी हीच इच्छा होती. पण श्रोत्याने काय केले? त्याने मोर्चा काढला नाही, अर्जही केला नाही. त्याने रेडिओचे बटण फिरविले आणि रेडिओ सिलोन लावले. अमीन सयानींच्या 'बिनाका गीतमाला'ने घराघरांत ठाण मांडले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. सामान्य माणसाने आपले मत असे एका बोटाने नोंदविले.

पुढे दूरदर्शन आले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि १९८२ साली पडदा रंगीत झाला. त्याच वर्षी गिरणगावात मात्र संपामुळे यंत्रे थांबली होती. १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' लागू लागले. ती मालिका उत्तरकांड न दाखवताच संपणार असे कळल्यावर, १९८८ साली जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. महर्षी वाल्मीकींना आपले मानणारा हा समाज. ज्या भागात लवकुशांसह वाल्मीकींचा आश्रम येतो, तोच गाळला जाणे त्याला कसे रुचावे? संप आणखी काही शहरांत पसरला आणि पुढचे भाग निघाले. या संपाची बातमी अनेकांनी गंमत म्हणून सांगितली. आम्हांस तीत गंमत दिसत नाही. ज्यांच्या कामाकडे गाव ढुंकून पाहत नाही, त्यांनी पडद्यावर आपली जागा मागितली होती.

आता आजच्या काळाकडे येऊ. आज हातातील फोन आपणांस पदोपदी मत विचारतो. जेवण आले, किती तारे? रिक्षा आली, किती तारे? लोकमताला एवढा मान पूर्वी कधी मिळाला नव्हता, असे वाटावे. परंतु बारकाईने पाहा. हे तारे फोनला पडत नाहीत, अॅप चालविणाऱ्या कंपनीलाही पडत नाहीत. ते पडतात दारात उभ्या असलेल्या पोराला. पाऊस, वाहतुकीची कोंडी, हॉटेलातील उशीर, लिफ्ट बंद असलेला सहावा मजला, या सर्वांचा हिशेब त्याच्या एकट्याच्या खाती जमा होतो. तारे घसरले की काम कमी होते, आणि एखाद्या सकाळी त्याचा आयडी ब्लॉक होतो. विचारावे कोणाला? समोर मुकादम नाही, मालक नाही. आहे तो पडदा.

हा केवळ आमचा ग्रह नव्हे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या चालकांना कामगाराचे हक्क आहेत असा निर्णय दिला, तेव्हा प्रवाशांनी दिलेल्या गुणांच्या आधारे चालकाला ताकीद देणे व अखेर कामावरून दूर करणे, हे कंपनीच्या नियंत्रणाचेच एक लक्षण मानले. आपल्याकडे राजस्थानने २०२३ साली अशा कामगारांसाठी कायदा केला. कर्नाटकाने २०२५ साली केलेल्या कायद्यात, काम बंद करण्यापूर्वी लेखी कारण व पूर्वसूचना देण्याचे बंधन घातले.

कारखान्यातील कामगाराला आरोप लेखी कळवावा, त्याचे म्हणणे ऐकावे, मगच शिक्षा करावी, ही रीत १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने आपल्याकडे रुजविली. ती सुखासुखी रुजली नाही. तिच्यासाठी माणसे वर्षानुवर्षे फाटकाबाहेर उभी राहिली. तोच हक्क अॅपवर काम करणाऱ्या प्रत्येकाला देशभर मिळाला पाहिजे. तो मिळेपर्यंत श्रोत्यांजवळ आमचे मागणे लहानसे आहे. फोन टाकून द्या, सिनेमा पाहू नका, असे आम्ही सांगत नाही. करमणुकीवर श्रमणाऱ्याचाही हक्क आहे. पण तारा देण्यासाठी बोट उचलाल, तेव्हा रागाचे खरे कारण जिना चढून आलेला माणूस आहे की दुसरे कोणी, एवढे क्षणभर पाहा. आणि दोष कंपनीचा असेल, तर तक्रार कंपनीकडे करा.