गुपित कोणी सांभाळायचे?

बुद्धिबळात पटावर सारे उघड असते. काही खेळांची गंमत मात्र दडवलेल्या गोष्टीत असते. मग ते गुपित सांभाळायचे कोणी?

१८२४ मध्ये राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने 'क्रीगस्पील' हा युद्धखेळ लष्करी शिक्षणासाठी प्रसिद्ध केला. खेळाडू आपले हुकूम पंचाकडे देत. १:८००० प्रमाणाच्या नकाशावर पंच शत्रूच्या तेवढ्याच तुकड्या मांडी, ज्या खरोखर नजरेस पडल्या असत्या. १८९९ मध्ये हेन्री टेंपल यांनी हीच युक्ती बुद्धिबळाला लावली. प्रत्येकाच्या पटावर फक्त स्वतःची मोहरी. पूर्ण डाव दिसे तो पंचाच्या तिसऱ्या पटावर. दोन्हीकडे अडचण एकच, एक माणूस खेळायचा राहतो.

स्मार्टफोन नेमका या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसला. २०१४ मधील 'अल्केमिस्ट्स' या झेक खेळाचेच पाहा. यात ८ पदार्थ आहेत आणि प्रत्येकाचे गुप्त रूप ठरलेले असते. ८ पदार्थांना ८ रूपे वाटण्याच्या रीती ४०,३२०. त्यांतली एक फोन निवडतो व मनात ठेवतो. आपण दोन पदार्थांचे पत्ते कॅमेऱ्यासमोर धरायचे; मिश्रणातून काय तयार झाले एवढेच तो सांगतो. पुढचा तर्क ज्याचा त्याने कागदावर करायचा. पुरावा अपुरा असतानाही सिद्धांत 'प्रसिद्ध' करता येतो, आणि दुसऱ्याला तो खोडूनही काढता येतो! (आमच्या व्यवसायाचे इतके प्रामाणिक चित्र पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडते.)

२०१५ च्या 'एक्सकॉम' या खेळात याच्याही पुढची पायरी गाठली गेली. शत्रूच्या चाली ठरवणे, वेळ मोजणे, सगळे फोनमधील आज्ञावलीकडे. ती नसेल तर डाव मांडताच येत नाही. उद्याच्या फोनवर ती चालेनाशी झाली, तर सुबक सोंगट्यांनी भरलेली पेटी नुसती कपाटात राहील. राइसविट्झचे नियम वाचून मात्र आजही खेळता येते.

'अल्केमिस्ट्स'च्या पेटीत फोनऐवजी माणसाने पंच व्हायचे झाल्यास एक त्रिकोणी फलकही दिलेला असतो. आम्ही तो वापरून पाहिला. पंच झालेल्या सहकाऱ्याने सुरुवातीलाच एक उत्तर चुकीचे वाचले. तासाभराने प्रत्येकाचा तक्ता स्वतःशीच विसंगत निघू लागला, आणि आम्ही सारे जण आपापल्या तर्कातील चूक शोधत बसलो. निरीक्षणच चुकले असेल, ही शंका कोणालाही आली नाही.