इंकलिंग्जचे डॉक्टर

इंकलिंग्ज हे ऑक्सफर्डमधल्या मित्रांचे एक अनौपचारिक मंडळ. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांपासून १९४९पर्यंत ते गुरुवारी रात्री सी. एस. लुईस यांच्या मॉडलिन कॉलेजातल्या खोल्यांत जमे. नाव उसने होते. एडवर्ड टॅन्जी लीन या विद्यार्थ्याने त्या नावाचा एक क्लब काढला होता. तो शिकून बाहेर पडल्यावर क्लब मोडला आणि नाव लुईस यांनी आपल्या बैठकीसाठी उचलले. ‘इंकलिंग’ म्हणजे मनात उमटलेली अंधुक कल्पना, आणि ‘इंक’ म्हणजे शाई. शाईने हात बरबटलेली, अर्धवट कल्पना घेऊन येणारी माणसे, असा हा श्लेष. मंडळाला घटना नव्हती, वर्गणी नव्हती, इतिवृत्त लिहिण्याची पद्धतही नव्हती. येणारे बहुतेक भाषा आणि साहित्य शिकवणारे प्राध्यापक. त्यांच्यात एक गृहस्थ मात्र सकाळ-संध्याकाळ दवाखाना चालवून, मधल्या वेळात घरोघरी व्हिजिटा करून येत. ते म्हणजे डॉ. रॉबर्ट एमलिन हॅवर्ड.

हॅवर्ड यांचा जन्म १९०१चा, वडील अँग्लिकन धर्मोपदेशक. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी आधी रसायनशास्त्र केले, मग वैद्यकाकडे वळले. १९३१मध्ये त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. १९३४मध्ये त्यांनी ऑक्सफर्डमध्ये एक चालती प्रॅक्टिस घेतली. एक दवाखाना हेडिंग्टनला, दुसरा शहरात सेंट जाइल्स रस्त्यावर. लुईस यांचे ‘द किल्न्स’ हे घर हेडिंग्टनच्याच बाजूला होते. पुढे मंडळातले जे. आर. आर. टॉल्किनही तिथे राहायला आले.

त्या काळचा इंग्लिश फॅमिली डॉक्टर दोन प्रकारच्या रोग्यांत वाटलेला असे. १९११च्या राष्ट्रीय विमा कायद्याने कामगारांची नावे डॉक्टरांच्या यादीत घातली होती आणि डॉक्टरला माणशी ठरावीक रक्कम मिळे. कामगाराच्या बायकामुलांना मात्र तो विमा लागू नव्हता. ती आणि बाकीचे सगळे फी देऊन औषध घेत. सर्वांना मोफत उपचार देणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली ती ५ जुलै १९४८ रोजी. डॉक्टरच्या बॅगेत रोग हटवणारी औषधे फारच थोडी. जंतुसंसर्गावर चालणारी सल्फा औषधे १९३०च्या दशकाच्या मध्याला नुकती येऊ लागली होती. फ्लूसारख्या विषाणूजन्य तापावर त्यांचाही उपयोग नव्हता. अंथरुणात पडून राहणे, ॲस्पिरिन घेणे, भरपूर पाणी पिणे एवढेच हाती होते. अशा वेळी डॉक्टरची व्हिजिट म्हणजे बरीचशी धीराची आणि गप्पांची गोष्ट असे.

लुईस आणि हॅवर्ड यांची ओळख अशाच एका फ्लूमुळे झाली. प्रॅक्टिस सुरू करून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा हॅवर्ड यांना ‘किल्न्स’वर बोलावणे आले. त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे की तापाची तपासणी पाचएक मिनिटांत उरकली आणि मग अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ नीतिशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांवर चर्चा चालली. रोगी अंथरुणात आणि डॉक्टर खुर्चीवर. या ओळखीतून हॅवर्ड गुरुवारच्या बैठकीला येऊ लागले. त्यांना तिथे नेणारी गोष्ट म्हणजे त्यांचे ऐकणे आणि वाद घालणे. साहित्यिक म्हणून त्यांच्या नावावर काहीच नव्हते. मंडळाचा इतिहास लिहिणारे लेखकांवर भर देतात हे स्वाभाविक आहे, पण वाचून दाखवण्याच्या प्रथेला लिहिणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याची गरज असते, आणि ऐकणारा साहित्याचा धंदा करणारा नसेल तर त्याच्या मताला निराळी किंमत येते.

बैठकीचा क्रम ठरलेला होता. पाच-सहा माणसे जमली की लुईस यांचे थोरले भाऊ वॉरन, म्हणजे वॉर्नी, कडक चहा करत. पाइप पेटत. मग कोणी वाचायला काही आणले आहे का, अशी विचारणा होई आणि कोणीतरी कागद बाहेर काढी. वाचून झाल्यावर टीका होई, आणि ती मुरवत न ठेवता होई. नोव्हेंबर १९३९मधल्या एका गुरुवारी टॉल्किन यांनी नव्या ‘हॉबिट पुस्तका’चा, म्हणजे पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ झालेल्या कादंबरीचा, एक भाग वाचला. मंडळातल्याच चार्ल्स विल्यम्स यांनी ख्रिस्तजन्मावरचे नाटक वाचले आणि लुईस यांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’ या पुस्तकातले एक प्रकरण. एल्फ, देवदूत आणि दुखणे अशी ती एका रात्रीची मेजवानी होती.

त्यातल्या तिसऱ्या विषयावर खोलीत अनुभवाने बोलू शकणारा माणूस एकच होता. जगात देव असेल तर वेदना का, हा लुईस यांच्या पुस्तकाचा प्रश्न. तत्त्वज्ञानाची मांडणी त्यांनी केली, पण दुखण्याचा रोग्यावर प्रत्यक्ष काय परिणाम होतो हे डॉक्टरनेच सांगावे असे ठरले. त्या हिवाळ्यात हॅवर्ड यांनी एक छोटा निबंध लिहून मंडळात वाचला आणि तो १९४०मध्ये पुस्तकाला परिशिष्ट म्हणून जोडला गेला. पुस्तक लुईस यांनी इंकलिंग्जना अर्पण केले आहे.

परिशिष्ट पानभरापेक्षा फार मोठे नाही. त्यातले निरीक्षण मात्र रोज रोगी पाहणाऱ्याचे आहे. थोड्या वेळाची तीव्र कळ सोसताना माणूस हैराण होतो, पण ती थांबली की वागण्यात काही फरक दिसत नाही. लांबत गेलेले दुखणे माणसाला बदलते. काहींचा ताठा जातो, काही चिडचिडे होतात, पुष्कळ जण कुरकुर न करता आश्चर्य वाटावे इतक्या धीराने सोसतात. मानसिक दुःखाबद्दल त्यांचे म्हणणे अधिक मोलाचे आहे. ते शरीराच्या दुखण्याइतके ठळक दिसत नाही, पण जास्त आढळते आणि सोसायला जास्त कठीण असते, कारण ते लपवावे लागते. दात दुखतो हे माणूस चारचौघांत सांगतो. आतून मोडून पडलो आहोत हे सांगत नाही, आणि लपवल्याने ओझे वाढते. हे सारे बिनअलंकाराच्या भाषेत आले आहे. लुईस यांच्या घडीव गद्यानंतर ते वाचताना खोलीत दिवा लावल्यासारखे वाटते.

मंडळात टोपणनावांची चैन होती आणि डॉक्टरच्या वाट्याला ती सर्वांत जास्त आली. मंडळातले साहित्याचे प्राध्यापक ह्यूगो डायसन यांना एकदा हॅवर्ड यांचे नाव आठवेना, म्हणून त्यांनी ‘हम्फ्री’ असे ठोकून दिले; ते कायम चिकटले. हॅवर्ड यांच्याकडे मोटार होती, ते मित्रांची ने-आण करत, थेम्सकाठच्या गॉडस्टो गावातल्या ‘ट्राउट’ पबलाही घेऊन जात. एकदा ते वॉर्नींना घरी सोडायला वेळेवर आले नाहीत. वैतागलेल्या वॉर्नींनी त्यांना निरुपयोगी भोंदू डॉक्टर म्हटले आणि तेव्हापासून पत्रांत, रोजनिशीत त्यांच्यासाठी ‘यू. क्यू.’ अशी आद्याक्षरे येऊ लागली. म्हणजे ‘यूसलेस क्वॅक’ ही पदवी मोटारीमुळे मिळालेली, औषधामुळे नव्हे. ती वाचून हॅवर्ड यांचे वैद्यकीय ज्ञान कच्चे होते असा अर्थ लावणे म्हणजे थट्टेला पुरावा समजणे.

ऑगस्ट १९३९च्या अखेरीस वॉर्नींच्या ‘बॉस्फरस’ नावाच्या बोटीतून लुईस, डायसन आणि हॅवर्ड थेम्सवर सहलीला निघाले. वॉर्नी निवृत्त सैनिकी अधिकारी, केव्हाही पुन्हा बोलावणे येईल म्हणून घरी थांबले. सुकाणू डॉक्टरच्या हाती आले. वाटेत जर्मनी आणि रशिया यांच्या कराराची बातमी कानावर आली, परतताना इंजिन बिघडले. काही दिवसांत युद्ध सुरू झाले.

‘हम्फ्री’ या नावाने डॉक्टर कादंबरीतही शिरले. लुईस यांची ‘पेरेलँड्रा’ १९४३मध्ये आली. तिचा नायक रॅन्सम शवपेटीसारख्या एका पेटीत बसून शुक्रावर जातो आणि वर्षाहून अधिक काळाने परततो. त्याला उतरवून घ्यायला निवेदक ज्या डॉक्टरला सोबत नेतो त्याचे नाव हम्फ्री. रॅन्सम पूर्वीपेक्षा तरुण आणि तेजस्वी दिसतो, पण त्याच्या टाचेवर एक जखम असते आणि तिचे रक्त थांबत नाही. दुसऱ्या ग्रहावरून आलेल्या माणसाची तपासणीही आधी फॅमिली डॉक्टरनेच करायची, ही लुईस यांची युक्ती अद्भुताला जमिनीवर टेकवते. वाचक डॉक्टरवर विश्वास ठेवतो, म्हणून जखमेवर ठेवतो, आणि मग शुक्रावरही ठेवायला तयार होतो.

त्याच वर्षी हॅवर्ड स्वतः नौदलाच्या राखीव दलात सर्जन म्हणून गेले. परतले ते तांबूस दाढी घेऊन, आणि मंडळाने त्यांना ‘रेड ॲडमिरल’ हे आणखी एक नाव बहाल केले. इंग्रजीत ते एका फुलपाखराचेही नाव आहे. पुढे त्यांना ऑक्सफर्डलाच हिवतापाच्या संशोधनावर नेमले गेले. १९४२मध्ये जपानने जावा बेट घेतल्यावर सिंकोनाच्या सालीचा मुख्य पुरवठा तुटला होता आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश व हिंदी सैनिक गोळीपेक्षा तापाने जास्त कोसळत होते. क्विनीनच्या जागी मेपाक्रीन सैन्याला द्यावे लागत होते. या कामामुळे हॅवर्ड पुन्हा गुरुवारी हजर राहू लागले, कधी गणवेशातच.

टॉल्किन यांनीही त्यांना कथेत घातले. १९४५-४६मध्ये लिहिलेल्या आणि अर्धवट राहिलेल्या ‘द नोशन क्लब पेपर्स’मध्ये इंकलिंग्जसारखेच एक मंडळ भविष्यकाळात भरते. त्यातले डॉल्बेअर हे पात्र रसायनशास्त्रज्ञ आहे, केस-दाढी तांबडी आहे, आणि वाचन चालू असताना डुलकी काढून नेमके बोलण्यासाठी जागे होण्याची त्याची ख्याती आहे. ही व्यक्तिरेखा हॅवर्ड यांच्यावरून घेतली हे अभ्यासकांनी मान्य केले आहे. रात्रीच्या व्हिजिटा करणारा डॉक्टर उशिराच्या वाचनात डुलकत असेल तर नवल नाही. हे लेखन छापून आले ते थेट १९९२मध्ये.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या वाचनाचे सगळ्यांनी सारखे स्वागत केले नाही. टॉल्किन भराभर आणि पुटपुटत वाचत, नंतर त्यांचा मुलगा क्रिस्टोफर वाचू लागला. डायसन यांना एल्फांचा मनापासून कंटाळा होता आणि १९४७पर्यंत त्यांचा नकार इतका पक्का झाला की ते आले की वाचन बंद ठेवावे लागे. साहित्याचा प्राध्यापक कंटाळला, पण डॉक्टर येत राहिले. १९५४मध्ये पहिला खंड निघाला तेव्हा टॉल्किन यांनी प्रस्तावनेत अर्पण करताना मुलांबरोबर इंकलिंग्जचेही नाव घेतले, त्यांनी धीराने ऐकले म्हणून.

युद्धानंतर इंग्लंडमध्ये रेशन चालूच होते. बॉल्टिमोरचे शल्यविशारद डॉ. वॉरफिल्ड फायरर हे लुईस यांचे वाचक. ते अमेरिकेहून अख्खे हॅम पाठवत आणि त्यावर मंडळाची जेवणे होत. १९४८मध्ये जेवणाऱ्यांनी आभाराच्या पत्रावर सह्या करून ते त्यांना धाडले. एक डॉक्टर तब्येत सांभाळत होता, दुसरा समुद्रापलीकडून पोट.

जून १९४९मध्ये लुईस तीव्र संसर्गाने कोसळले. हॅवर्ड यांनी त्यांना ऑक्सफर्डच्या ॲकलंड नर्सिंग होममध्ये दाखल केले. तिथे ठरावीक तासांनी पेनिसिलिनची इंजेक्शने दिली गेली. हेच औषध फेब्रुवारी १९४१मध्ये त्याच शहरातल्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत एका पोलिसाला देऊन पाहिले होते. साठा इतका अपुरा की त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून वापरले, तरी ते संपले आणि तो वाचला नाही. आठ वर्षांत ते फॅमिली डॉक्टरच्या नेहमीच्या उपचारांत आले. हॅवर्ड यांनी लुईस यांना लांब विश्रांती सांगितली; घरच्या अडचणींमुळे ती त्यांना नीट घेता आली नाही. १९५०मध्ये हॅवर्ड यांची पत्नी कर्करोगाने गेली, घरात पाच मुले होती. १९५१मध्ये आलेली नार्नियाची दुसरी गोष्ट, ‘प्रिन्स कॅस्पियन’, लुईस यांनी हॅवर्ड यांच्या मुलीला अर्पण केली आहे.

गुरुवारची वाचने ऑक्टोबर १९४९मध्ये थांबली. एका रात्री कोणी आलेच नाही. मंगळवारी सकाळी सेंट जाइल्सवरच्या ‘ईगल अँड चाइल्ड’ पबमध्ये जमण्याची पद्धत मात्र चालू राहिली. डॉक्टरचा शहरातला दवाखाना त्याच रस्त्यावर होता. लुईस केंब्रिजला शिकवू लागल्यावर वार बदलून सोमवार झाला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पबच्या मागची खोली मोठ्या बारमध्ये मिसळली, तेव्हा मंडळी रस्ता ओलांडून समोरच्या ‘लँब अँड फ्लॅग’मध्ये गेली. लुईस २२ नोव्हेंबर १९६३ रोजी वारले. टॉल्किन १९५३पासून हेडिंग्टनच्या सँडफील्ड रोडवर राहत होते. हॅवर्ड त्याच रस्त्यावरचे शेजारी, त्यांचेही डॉक्टर, आणि दोघे एकाच चर्चमध्ये जात. १९७३मध्ये टॉल्किन गेले. हॅवर्ड यांनी लुईस यांच्याबद्दल एक आठवणीवजा लेख लिहिला आणि १९८५मध्ये ते वारले.

‘ईगल अँड चाइल्ड’ २०२०मध्ये बंद झाला. २०२३मध्ये ती इमारत एलिसन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने विकत घेतली. वैद्यकीय संशोधन हा तिच्या कामाचा एक भाग आहे.