दुकानातली मांडणी कोणाच्या मापाची?

विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाचा माणूस फळ्या-खिळ्यांवर काय बोलणार? पण कलेविषयीचा आपला प्रसिद्ध युक्तिवाद मांडताना प्लेटोनेही उदाहरण घेतलं ते सुताराने केलेल्या पलंगाचंच. आपण पलंगाऐवजी किराणा दुकानातली लाकडी मांडणी घेऊ. प्रश्न एकच: ती कोणाच्या मापाने बनते?

आधी बनवणाऱ्याकडे पाहू. गावगाड्यात सुतार हा बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात ही व्यवस्था तपशिलाने आली आहे. कुणब्याचा नांगर, कुळव, पाभर यांची कामं सुतार वर्षभर करायचा आणि सुगीला त्याला धान्याचं बलुतं मिळायचं. प्रत्येक कामाचा वेगळा भाव नसे. दुकानाची मांडणी या हिशोबात बसत नव्हती. तिथे माप घ्यायचं, लाकूड ठरवायचं, मजुरी बोलायची, विसार घ्यायचा. भाव पटला नाही तर सुताराला ‘जमणार नाही’ असंही म्हणता यायचं. बलुत्याची शाश्वती गेली, पण नकाराचा हक्क आला. ही अदलाबदल लहान नाही.

आता माप. जुन्या हिशोबात २४ तसूंचा एक गज. पण दुकानात खरं चालायचं ते दुकानदाराच्या हाताचं माप. तो गादीवर बसल्या बसल्या जिथे हात पोचवू शकतो, तिथे रोज खपणारा माल. वर्षातून चारदा लागणारी वस्तू वरच्या फळीवर. तळाशी पोती आणि पत्र्याचे डबे. हा डबा मूळचा रॉकेलचा, चार गॅलनचा, म्हणजे सुमारे १८ लिटरचा. रिकामा झाला की घासून-पुसून धान्याला लागायचा. म्हणजे बघा, हा डबा जिथे ठेवायचा त्या खणाची उंची दूरच्या तेल व्यापाराने आधीच ठरवून टाकलेली!

फळीचंही शास्त्र आहे. जाडी तीच ठेवून फळी दुप्पट लांब केली आणि तितक्याच दाटीने माल भरला, तर ती सोळापट वाकते. उलट लांबी तीच ठेवून जाडी दुप्पट केली, तर बाक आठपट कमी होतो. जाड सागवान महाग, म्हणून शहाणा सुतार खण अरुंद करतो आणि मध्ये उभा आधार देतो. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं, त्यासाठी तो चौकटीतल्या फळीला थोडी मोकळीक ठेवतो. ही समीकरणं त्याने कागदावर सोडवलेली नसतात, पण कामात ती बरोबर उतरतात. याला ज्ञान म्हणायचं की नुसतं कसब? मी ज्ञानच म्हणेन.

आता जरा लांब, अमेरिकेत जाऊ. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ‘पिगली विगली’ हे दुकान उघडलं. तोवर तिथेही दुकानदारच माल काढून द्यायचा. इथे गिऱ्हाईक फिरत्या फाटकातून आत शिरायचं, फळ्यांमधून फिरायचं आणि वस्तू स्वतः उचलायचं. या रचनेचं पेटंट १९१७ साली मिळालं. मांडणीचं तोंड गिऱ्हाइकाकडे वळलं. दुकानदाराचा हात मागे पडला, आणि हळूहळू पाकिटाचा आकार, त्यावरचं नाव आणि ते नजरेच्या उंचीवर असणं महत्त्वाचं ठरलं.

जुनं सगळं गोड होतं असं कृपा करून समजू नका. आपल्याकडे काही जातींच्या माणसांना दुकानाच्या पायरीबाहेर उभं राहावं लागे, माल वरून टाकला जाई. मालापासून दूर ठेवणारी ती मांडणी त्यांच्यासाठी भिंतच होती. स्वतःच्या हाताने वस्तू उचलता येणं ही खरी मोकळीक आहे. मात्र तयार लोखंडी रॅक आणला की दुकान कोणाच्या सोयीचं, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. उत्तर कारखान्यातूनच आलेलं असतं.

म्हणून तुमच्यापैकी कोणी छोटं दुकान थाटत असेल तर एक करा. सुताराला फक्त भिंतीचं माप देऊ नका. त्याला दोन तास दुकानात बसवा. कोण येतं, काय मागतं, म्हाताऱ्या माणसाचा हात कुठवर जातो, मुलाची नजर कुठे पोचते, हे त्याला पाहू द्या. मग फळी कापायला सांगा.