धूळ, कर्करोग आणि चाळीस वर्षांची नोंद

मंडळी, इथे पिंपळीत, बारामतीच्या साखरपट्ट्यात, धूळ म्हटली की आपल्याला बगॅस आठवतं. बुरशी आलेल्या जुन्या बगॅसच्या धुळीनं फुफ्फुसाला सूज येते. त्याला बगॅसोसिस म्हणतात. तो कर्करोग नव्हे. काही धुळी मात्र कर्करोगापर्यंत नेतात. हे ओळखायला माणसाला एवढा वेळ का लागला, ते आज आपण पाहू.

१७०० साली इटलीतल्या रामाझिनी या वैद्यानं कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला त्याचं काम विचारा, हा त्याचा आग्रह. १७७५ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. १९५५ साली रिचर्ड डॉल यांनी ॲस्बेस्टॉस कामगारांत फुफ्फुसाचा कर्करोग जास्त आढळतो, हे दाखवलं. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि सहकाऱ्यांना फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग खाणीत काम न केलेल्या, नुसत्या जवळ राहिलेल्या माणसांतही दिसला. फाउंड्रीतल्या वाळूत असते त्या सिलिकाच्या बारीक धुळीलाही पुढे कर्करोगकारक ठरवलं गेलं.

उशीर का झाला? ॲस्बेस्टॉसचा तंतू आत गेल्यापासून रोग दिसेपर्यंत वीस, तीस, कधी चाळीस वर्षं जातात. तोवर कामगार गावी परतलेला असतो. मग दोष विडीला दिला जातो. विडी घातक आहेच. पण ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की धोका कितीतरी वाढतो. आम्ही तर्कशास्त्र शिकवताना सांगत असू, की पुरावा नाही याचा अर्थ कारण नाही असा होत नाही. इथे तर पुरावा कुणी जपलेलाच नसतो.

म्हणून २७ जानेवारी १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या त्या खटल्यात न्यायालयानं आरोग्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमात पाहिला. प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं, किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर ठेवा, असा आदेश दिला. रोगाचा वेग न्यायालयानं ओळखला होता.

पण ठेकेदाराकडच्या माणसाची हजेरीच कच्च्या वहीत असेल, तर चाळीस वर्षांची नोंद ठेवणार कोण? तेव्हा पगाराची चिठ्ठी, ओळखपत्र, तारखेसह एक्स-रे घरी जपून ठेवा. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी जुनं काम आपणहून सांगा.